खालचा कप्पा

नर्सचं काही दुखतंय म्हटलं की लोकांना कीव यायच्या आधी नवल वाटतं. सुरतच्या डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीत जिना चढताना मी कठड्याला धरून क्षणभर थांबले, की वरून उतरणारं माणूस हटकून विचारतं, “काय सिस्टर, तुम्हाला पण?” जणू दवाखान्यात पगाराबरोबर निरोगी मणकेही महिन्याच्या महिन्याला वाटतात आणि मी माझे घ्यायला विसरले.

वॉर्डात तर कंबर धरून उभं राहायचीही सोय नाही. पेशंटचं लक्ष सिस्टरच्या तोंडाकडे असतं. डॉक्टर इंग्रजीत काय बोलले ते त्याला कळत नाही, म्हणून तो आमच्या चेहऱ्यावर वाचतो. त्याची उशी सरळ करताना माझ्या तोंडून “आई गं” निघालं, तर त्याची खात्रीच पटते की आपला रिपोर्ट वाईट आलाय. त्यामुळे आमचं कण्हणं लिननच्या खोलीत होतं. दार लोटायचं, चादरींच्या गठ्ठ्याला पाठ टेकायची आणि मग आपापल्या भाषेत मोकळं व्हायचं. केरळच्या सिस्टर “अम्मे” म्हणतात, इथल्या सुरती “ओ मा” म्हणतात आणि आम्ही खानदेशातल्या बाया “मनी माय वं”. लिनन-रूमची भिंत पातळ आहे. पलीकडच्या वॉर्डातल्या एका आजींची समजूत होती की तिथे बाळंतपणं होतात.

१२ मे हा आमचा दिवस. १८२० साली त्या तारखेला फ्लॉरेन्स नाइटिंगेल जन्मल्या. हॉलमधले दिवे मालवतात, आमच्या हातात मेणबत्त्या देतात, शपथ होते आणि मग पाहुणे बोलायला उठतात. पाहुणे बदलतात, पण बोलतात नेहमी हृदयाबद्दल. सिस्टरचं हृदय विशाल असतं, त्यात सेवाभाव काठोकाठ भरलेला असतो, वगैरे. हे ऐकत आम्ही एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत उभ्या. माझा ईसीजी चांगला आहे, हृदयाबद्दल माझी काही तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच, की वॉर्डातलं निम्मं काम कंबरेनं होतं. लकवा झालेल्या पंच्याण्णव किलोंच्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. तिथे करुणा असावीच, पण ती आधी पाठीच्या कण्यातून खाली उतरून पायांपर्यंत पोचावी लागते. कंबरेवर बोलणारा पाहुणा मला अजून भेटायचाय.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला ‘बॉडी मेकॅनिक्स’ नावाचा धडा होता. पाय थोडे फाकवा, गुडघ्यात वाका, कंबरेत नको, ओझं अंगाजवळ धरा, उचलताना पिळा मारू नका. धडा अगदी बरोबर आहे. फक्त त्यातला पेशंट प्लास्टिकचा होता. त्याला सलाईन लावलेलं नव्हतं, लघवीची पिशवी नव्हती, पलंगाखाली नातेवाइकांच्या बॅगा नव्हत्या आणि उचलायच्या क्षणी घाबरून त्यानं सिस्टरच्या गळ्याला मिठी मारली नव्हती. खरा पेशंट मारतो. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला जशी मारतो तशी.

शिवाय खरा पेशंट एकटीनं उचलत नाहीत, चौघं मिळून उचलतात आणि सुरतेत चौघं म्हणजे चार मुलुख. एकदा पलंगावर खाली घसरलेल्या एका काकांना वर ओढायचं होतं. चादरीच्या एका कोपऱ्याला मी, दुसऱ्याला कोट्टयमची सिस्टर, तिसऱ्याला इथलाच वॉर्डबॉय आणि चौथ्याला काकांच्या लूममधला गंजामचा ओडिया सोबती, जो निव्वळ भेटायला आला होता. “एक, बे, त्रण!” वॉर्डबॉय त्रणवर उचलतो. मी त्रण संपल्यावर उचलते. केरळची सिस्टर सावध, ती सगळ्यांनी उचललेलं बघून मग उचलते. ओडिया भाऊ उत्साही, त्यानं ‘बे’लाच ओढलं. काका आधी डावीकडे गेले, मग उजवीकडे, आणि शेवटी स्वतःच कोपर टेकून वर सरकले. “हवे तमे लोको आराम करो,” म्हणाले. तुम्ही आता विश्रांती घ्या.

अमेरिकेत थॉमस वॉटर्स नावाच्या संशोधकानं २००७ साली या ओझ्याचा हिशेब मांडला. खोकी उचलण्याचे नियम पेशंटला लागू पडत नाहीत, कारण खोकं मध्येच हलत नाही. म्हणून सगळं अनुकूल असलं तरी एका नर्सनं पेशंटचा पस्तीस पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण सोळा किलोंपेक्षा जास्त भार हातांनी उचलू नये, असं त्यांनी सांगितलं. हे वाचलं तेव्हा मी आमच्या वॉर्डाकडे बघितलं. सोळा किलो म्हणजे आमच्या भरल्या अंगाच्या पेशंटचा एक पाय. सुरतचं जेवण आणि काशीचं मरण मागून मिळत नाही असं इथली माणसं अभिमानानं सांगतात. सकाळी लोचो, त्यावर तेल आणि शेव. चंदी पडव्याला घारी, आत मावा आणि वरून गोठलेल्या तुपाचा थर. थंडीत पोंक आणि पोंकवडे. मलाही हे सगळं आवडतं. पण माणसानं काशीला जायच्या आधी मध्ये आमच्या वॉर्डात मुक्काम केला, की त्या तुपाचा भार शेवटी कोणाच्या मणक्यावर येतो हे त्या म्हणीत आलेलं नाही.

“कशानं झालं?” हा पुढचा प्रश्न. इथे मला फार संकोच होतो, कारण माझ्यापाशी सांगण्यासारख्या दोन झकास जागा आहेत आणि दोन्ही ठिकाणी कंबर शाबूत राहिली. १९९४च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला. माणसं मिळेल त्या गाडीनं शहर सोडत होती, ताप्ती लाईनच्या गाड्या नंदुरबार-भुसावळकडे खचाखच भरून जात होत्या आणि शहरात टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल वाटल्या जात होत्या. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते. तोंडाला फडकं बांधून दिवसचे दिवस उभी होते आणि आपल्याला कंबर आहे हेही तेव्हा ठाऊक नव्हतं. मग २००६च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाचं पाणी सुटलं, तापी गावात शिरली, लिफ्ट बंद पडल्या. चादरीच्या झोळ्या करून आम्ही पेशंट जिन्यानं वर नेले. तेव्हाही काही झालं नाही. झालं ते पुढे एका निवांत दुपारी. वॉर्ड अर्धा रिकामा होता, मी स्टोअरच्या खालच्या कप्प्यातून कापसाची गुंडाळी काढायला वाकले आणि तिथेच अडकले. कापूस! दवाखान्यात त्याहून हलकी वस्तू नाही. ऑर्थोपेडिकचे डॉक्टर म्हणाले, कापसाचा दोष नाही सिस्टर, तो फक्त शेवटी आला. त्याच्या आधी आलेल्यांची रांग मोठी होती, त्यात ती पुराची झोळीही असणार. शास्त्र म्हणून हे मला पटतं. पण पाहुण्यांना ‘पुरात पेशंट वाचवताना’ असं सांगता आलं असतं, ते कापसानं घालवलं.

आता गुडघे. कंबरेच्या डॉक्टरांनी सांगितलं, खालची वस्तू घेताना कंबरेत वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं. दोन वर्षं मी इमानानं गुडघ्यात बसले. मग गुडघे कुरकुरायला लागले, त्यांच्यासाठी वेगळे डॉक्टर गाठले. ते म्हणाले, गुडघ्यात अजिबात बसायचं नाही. मांडी नाही, उकिडवं नाही, जिना कमी. मी विचारलं, मग जमिनीवरची वस्तू उचलायची कशी? ते चांगले गृहस्थ, त्यांनी खरोखर विचार केला. म्हणाले, “कोणाला तरी सांगा.”

दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर, त्यामुळे मला जमिनीशी फटकून राहावं लागतं. दिवसाला किती वेळा वाकायचं याचं मी एक अंदाजपत्रकच केलंय. पहिला खर्च पेशंटचा: शीर शोधायला, कॅथेटर बघायला, पलंगाच्या पायथ्याचं हँडल फिरवायला. त्यात काटछाट नाही. उरलं तर घर. पेनाचं टोपण पडलं तर ते पडलेलंच राहतं. त्याच्या शेजारी आणखी काही पडलं की मग विचार होतो. तिसरी वस्तू पडली की मी एकदाच वाकते. एकदा वाकलेच आहे तर म्हणून सोफ्याखालचं बघून घेते, चपला सरळ करते, आणि वर येताना घरातल्यांना आवाज देते, अजून कोणाचं काही आहे का खाली?

उपाय तर सुरतेत पावलोपावली. माझ्या गुजराती शेजारीणबेन हिवाळ्यात अडदियो आणि मेथीपाक पाठवतात, गावाहून नणंद डिंकाचे लाडू पाठवते. सांध्यांना वंगण मिळतं म्हणे. सांध्यांचं माहीत नाही, वजन मात्र वाढतं आणि ते पुन्हा गुडघेच वाहतात. आमच्या गल्लीत अमळनेरकडच्या कुटुंबातलं एक पोरगं पायाळू आहे. जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या माणसानं लाथ मारली की पाठीत भरलेली उसण जाते, हा आपल्याकडचा जुना इलाज. रविवारी सकाळी त्याच्या ओट्यावर बाया कमरेला हात लावून बसलेल्या असतात. पोरगं पाचवीत आहे, धंद्यात मुरलेलं आहे, “हळू की जोरात?” असं आधी विचारून घेतं. फी कुरकुऱ्यांचं एक पाकीट. मी विज्ञान शिकलेली बाई. पण त्या आठवड्यात उसण अशी भरली होती की विज्ञान घरी ठेवून गेले. पोरानं माझ्याकडे बघितलं आणि घाबरलं, कारण त्याला सगळी इंजेक्शनं मीच दिली होती. मग एकदम त्याच्या डोळ्यांत चमक आली. “जोरात,” त्यानंच ठरवलं. चार दिवसांत उसण गेली. तशी ती बहुतेक वेळा चार-आठ दिवसांत आपोआपही जाते, हे मला माहीत आहे. पोराला माहीत नाही आणि मी सांगणार नाही.

डॉक्टरीतले इलाज तरी कुठे फार वेगळ्या वाटेनं आले? आमच्या वेळेस कंबर धरली की पाठीखाली फळी घालून आठवडेच्या आठवडे झोपवत. १९८६ साली अमेरिकेत तपासून बघितलं, तर साध्या पाठदुखीत दोन दिवस पडून राहिलेले आणि सात दिवस पडून राहिलेले सारखेच बरे झाले. दोन दिवसवाले फक्त कामावर लवकर गेले. (हे संशोधन रजा मंजूर करणाऱ्या टेबलापर्यंत कसं कोण जाणे, पण फार वेगानं पोचलं.) माझ्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं मला पालथं झोपून छाती वर उचलायचा व्यायाम दिला, त्याची जन्मकथा मला आवडते. १९५६ साल, न्यूझीलंडमधलं वेलिंग्टन. रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टनं एका पेशंटला सांगितलं, आत जाऊन टेबलावर पालथे झोपा. आधीच्या पेशंटसाठी टेबलाची डोक्याकडची बाजू वर केलेली होती, ती खाली करायची राहिली. पेशंट बिचारा तसाच धनुष्यासारखा झोपला. थोड्या वेळानं मॅकेन्झी आत आले आणि हादरले, कारण पाठ अशी मागे वाकवणं त्या काळी घातकच मानत. पेशंट म्हणाला, गेल्या कित्येक आठवड्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. पुढे त्यातून जगभर चालणारी पद्धत निघाली. आमच्याकडे पलंगाचं डोकं वर राहिलं तर आधी मेमो निघतो.

आणि नाइटिंगेलबाई. क्रिमियाच्या युद्धावरून १८५६ साली परतल्यावर त्या आजारी पडल्या आणि पुढची कित्येक वर्षं त्यांनी अंथरुणात काढली. पाठीचं दुखणं त्यांनाही जबर होतं. दिवा घेऊन फिरणारी बाई सगळ्यांनी पाहिलीय, पण तिचं मोठं काम पलंगावर पडून झालं: अहवाल, आकडेमोड, पत्रांचे ढीग. हिंदुस्थानात एकदाही पाय न ठेवता इथल्या सांडपाण्यावर त्यांनी जितकं लिहिलं, तितकं इथल्या माणसांनी सांडपाण्यात उभं राहूनही लिहिलं नसेल. नर्सिंगवरच्या त्यांच्या १८५९च्या पुस्तकात पलंगाबद्दल बारीक सूचना आहेत. पलंग भिंतीला लावू नये, फार रुंद नको, फार उंच नको, म्हणजे नर्सला दोन्ही बाजूंनी पेशंटपर्यंत न ताणता पोचता येईल. हे वाचून मला गहिवरून आलं, की चला, कोणीतरी आमचा विचार केला. पण मग उंची किती? सोफ्याएवढी. पेशंटला सहज उतरता यावं म्हणून. बाई, पेशंट उतरेल हो, पण त्याच्यावर वाकलेली मी वर कशी येऊ?

एवढं सगळं सांगते, पण खरं तर या शहरात कंबर दुखते असं म्हणायची मला लाज वाटते. कारण सुरत उभीच कंबरांवर आहे. ओपीडीत आम्ही दुखणं शून्य ते दहात विचारतो. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. वराछाचा हिरे घासणारा कारागीर येतो. दिवसभर घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, मान घालून, डोळ्याला भिंग लावून बसलेला. मान वळत नाही, वळायचं तर अख्खा माणूस वळतो. किती दुखतंय? “चार,” तो म्हणतो. चेहरा आठचा असतो. पण त्याला मजुरी नगावर मिळते आणि आठ म्हटलं तर डॉक्टर सुट्टी सांगतील याची त्याला धास्ती. डिसेंबर २०२३ मध्ये खजोदला हिऱ्यांच्या व्यापाराची केवढी थोरली इमारत उभी राहिली, पंतप्रधान उद्घाटनाला आले होते. तिच्या काचा बघितल्या की मला त्या न वळणाऱ्या माना आठवतात. पांडेसरा-उधन्याच्या खात्यांतून, म्हणजे कारखान्यांतून, लूम चालवणारे येतात, बारा-बारा तास उभे. त्यांना प्रश्न ओरडून विचारावा लागतो, कारण लूमच्या खडखडाटानं कान गेलेले, आणि तेही ओरडूनच “सात!” सांगतात, मग सगळ्या ओपीडीला कळतं. रिंग रोडच्या कापड मार्केटातले पार्सल वाहणारे आकडा सांगतच नाहीत. “अंदर से गया है” एवढंच.

आणि लिंबायतच्या आपल्या बाया. पुरुष खात्यात गेला की या घरात साड्यांचा गठ्ठा घेऊन बसतात. खडे चिकटवायचे, लेस लावायची, सुटे धागे कापायचे. जमिनीवर, पाय दुमडून, मध्ये उठून स्वयंपाक, पुन्हा बैठक. त्यातली एक आली, माझ्याच वयाची, शिंदखेड्याकडची. “मनी कंबर दुखी ऱ्हायनी, सिस्टर.” किती दुखतंय, शून्य ते दहा? तिनं बराच विचार केला आणि मलाच विचारलं, “बाकीच्या काय सांगतात?” तिला उगाच जास्त सांगायचं नव्हतं. मी म्हटलं, तुझं तू सांग. ती म्हणाली, “मग ल्ह्या पाच. आन तुमचं?” आजवर पेशंटनं मला हा प्रश्न विचारला नव्हता. मी माझा कंबरेचा पट्टा सावरला आणि सहा म्हटलं. तिनं बाकावर सरकून मला जागा केली. मागे पन्नास माणसांची रांग होती, त्यामुळे बसले नाही, पण पुढच्या खेपेला ती मेथीचे लाडू घेऊन आली.

आमच्या वॉर्डात एक म्हातारे सुरती व्यापारी होते, त्यांना मी मराठी आहे कळल्यापासून चेव आला होता. “तमे लोको फरी सुरत लूंटवा आव्या!” मी म्हटलं, काका, महाराज १६६४ला आले, १६७०ला आले, दोन्ही वेळा काम झाल्यावर लगेच परत गेले. आम्ही खानदेशातले साधे लोक, आम्ही मुक्कामाला आलो आणि लुटलं गेलं ते आमचंच, बघा, चौथा-पाचवा मणका. काका इतके हसले की त्यांचे टाके दुखले. मग त्यांना कुशीवर करायला मला आणि आणखी एका सिस्टरला बोलावलं.

आता त्या खालच्या कप्प्याचं. कापसाच्या प्रकरणानंतर मी बारकाईनं बघितलं तेव्हा लक्षात आलं, की आमच्या स्टोअरची मांडणी कोणीतरी सूड म्हणून केली असावी. सलाईनचे खोके, एकेक दहा-बारा किलोंचा, तळाच्या कप्प्यात. हाताच्या उंचीवर जुनी रजिस्टरं आणि कोणीही न वापरलेले फॉर्म. मी अर्ज केला, की खोके कंबरेच्या उंचीवर घ्यावेत. उत्तर आलं, की तसं केल्यास स्टॉक रजिस्टरातला रॅक क्रमांक बदलावा लागेल, त्याला मंजुरी लागेल, आणि मंजुरीचा नमुना उपलब्ध नाही. एका रविवारी रात्री वॉर्ड शांत होता. मी, केरळची सिस्टर आणि वॉर्डबॉय, तिघांनी मिळून खोके वर घेतले आणि रजिस्टरं खाली. या वेळी ‘त्रण’वर सगळे एकत्र उचलायला शिकलो होतो.

पुढे तपासणी आली. साहेबांना नेमकी जुनीच रजिस्टरं हवी होती. “क्यां छे?” मी खाली बोट दाखवलं. माझ्या पट्ट्याकडे बघून ते सज्जन माणूस स्वतःच वाकले. एक वर्ष निघालं, ते नको होतं. पुन्हा वाकले. तिसऱ्यांदा वाकले ते रॅकच्या कडेला धरून वर आले आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत.

“सिस्टर, रोज हाथमां आवे एवी वस्तु नीचे न रखाय,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “साहेब, तेवढं लेखी द्या.”